गजाननाच्या हातातील परशू

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी श्रीगजाननाची स्थापना होते. दूर्वा, शमी, जास्वंद वाहिली जाते. एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखविला जातो. आणि मुलांची पुस्तके पूजेजवळ ठेवून वडीलधारी मंडळी त्यांच्यासाठी एकच वर मागतात, तो म्हणजे सद्बुद्धीचा. चौदा विद्या व चौसष्ट कला यांचा हा अधिपती प्रसन्न झाला की मुलाचे कल्याण झाले, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. परंतु ज्या बुद्धीचे दान आपण मागतो तिचे स्वरूप कोणते, आणि ती प्राप्त व्हावी म्हणून विद्यार्थ्याने कोणती साधना करावयाची असते, याचा विचार उत्सवाच्या लगबगीत बहुधा राहून जातो.

श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी तो राहू दिलेला नाही. इसवी सन १२९० मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रारंभीच त्यांनी वाङ्मयरूपी गणेशाचे जे ध्यान रेखिले आहे, त्यात सहा दर्शने या देवाच्या सहा भुजा आहेत आणि प्रत्येक भुजेतील आयुधास अर्थ आहे. त्यांतील परशू म्हणजे तर्कशास्त्र. सरळ सोंड म्हणजे निर्मळ विवेक, दात म्हणजे संवाद, आणि त्या दाताची शुभ्रता म्हणजे समता. वेदान्ताचा मोदक महाराजांनी या देवाच्या हाती दिला आहेच. परंतु त्याच मूर्तीच्या दुसऱ्या हाती परशूही आहे, हे विसरून चालणार नाही. मोदकाची गोडी घ्यावी आणि परशूकडे पाठ फिरवावी, अशी सोय या रूपकात नाही.

पाटणचा मठ

हा परशू विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची परंपरा आपल्या खानदेशात फार जुनी आहे. चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या परिसरात, पाटण येथे एक शिलालेख आहे. इसवी सन १२०७ च्या या लेखावरून असे समजते की, सुप्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचे नातू आणि यादवराजा सिंघण याचे ज्योतिषी चांगदेव यांनी येथे एक मठ स्थापिला. आणि तो कशासाठी, तर आपल्या आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांचे अध्ययन व्हावे यासाठी. निकुंभ वंशातील स्थानिक राजांनी त्यास देणगी दिली.

या मठात ज्या ग्रंथाचे पठण व्हावयाचे, त्याचा मासला पाहण्यासारखा आहे. सिद्धान्तशिरोमणीचा पहिला भाग जो 'लीलावती', त्याचा आरंभ भास्कराचार्यांनी विघ्नहर्त्या गजाननाच्या वंदनाने केला आहे. याच ग्रंथाच्या 'गोलाध्याय' या भागात ते पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न हाती घेतात. पृथ्वीला कोणीतरी मूर्त धारक आहे असे मानले, तर त्या धारकासही दुसरा धारक मानावा लागेल, त्यास तिसरा, आणि या मालिकेस अंत राहणार नाही. शेवटचा धारक स्वतःच्याच शक्तीने उभा आहे असे म्हणावे, तर मग ती शक्ती पहिलीच्याच, म्हणजे पृथ्वीच्याच ठायी का मानू नये? मेरूपर्वताच्या आड सूर्य गेल्याने रात्र होते असे म्हणणाऱ्यांस ते विचारतात की, तो सोन्याचा पर्वत आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असताना दिसत कसा नाही?

गजाननास वंदन करणारी लेखणीच हे प्रश्न विचारते आहे. वंदनात आणि प्रश्नात भास्कराचार्यांना विरोध दिसला नाही. पाटणच्या डोंगरांत आठशे वर्षांपूर्वी जे विद्यार्थी हा ग्रंथ पढले, त्यांना केवळ ग्रहगणित शिकावयास मिळाले असे नव्हे. मानलेल्या गोष्टीचा धागा शेवटपर्यंत ओढून पाहावा आणि तो तुटत असेल तर ती गोष्ट पुन्हा तपासावी, ही रीतही त्यांना शिकावयास मिळाली. आपले नैयायिक यालाच 'तर्क' म्हणतात, आणि न संपणाऱ्या मालिकेच्या दोषास 'अनवस्था' हे नाव देतात.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

पाटणच्या मठानंतर सात शतकांनी याच जळगाव जिल्ह्यात तशाच हेतूने दुसरी एक वास्तू उभी राहिली. बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे संत सखाराममहाराजांच्या वाडी संस्थानामुळे वारकऱ्यांना पूज्य आहे. तेथील दानशूर उद्योगपती श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली 'तत्त्वज्ञान मंदिर' स्थापन केले. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचे घड्याळ चाले, त्या गावी त्यांनी विद्वानांच्या व होतकरू विद्यार्थ्यांच्या योगक्षेमाची व्यवस्था केली. अपेक्षा एवढीच की, त्यांनी निश्चिंत मनाने वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा आणि दोहोंची परस्परांशी गाठ घालून पाहावी.

या मंदिराची कीर्ती लवकरच प्रांताबाहेर गेली. घनश्यामदास मलकानी यांनी येथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक अनेक वर्षे चालविले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे थोर बंगाली तत्त्वचिंतक १९३० च्या दशकात काही काळ येथे संचालक होते. त्यांचा गाजलेला ग्रंथ १९३० साली अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला. १९३३ साली लंडनमध्ये छापलेले 'अज्ञान' नावाचे पुस्तक तर या मंदिराच्या वृत्तीची साक्षच होय. वेदान्तातील 'अज्ञान' या एकाच विषयावर मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी स्वतंत्रपणे लिहिले आणि तिघांचे निबंध एकाच ग्रंथात बांधले गेले. तिघांना मिळून एकच मत लिहावयास कोणी भाग पाडले नाही.

पुढे हे मंदिर 'प्रताप तत्त्वज्ञान केंद्र' या नावाने पुणे विद्यापीठाशी जोडले गेले आणि त्या सहयोगातून तत्त्वज्ञानाची नियतकालिके निघाली. त्यांतील मराठी नियतकालिकाचे नाव होते 'परामर्श'. आज आपण हा शब्द 'समाचार घेणे' अशा अर्थाने वापरतो. परंतु न्यायशास्त्रात त्याला फार नेमका अर्थ आहे आणि तो समजला की अनुमानाची किल्लीच हाती येते.

धूर, अग्नी आणि परामर्श

पाठशाळेत तर्काचा श्रीगणेशा बहुधा अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या छोटेखानी ग्रंथाने होतो. बालकांना सुलभ व्हावे म्हणून आपण तो रचिला, असे ग्रंथकाराने स्वतःच सांगितले आहे. त्यातील धूर-अग्नीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. आपण ते सातपुड्यात नेऊन पाहू.

यावलच्या शिवारातून उत्तरेकडे पाहणारा विद्यार्थी म्हणतो, 'त्या डोंगरावर अग्नी आहे.' ही झाली प्रतिज्ञा. 'कारण तेथे धूर दिसतो,' हा हेतू. 'जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे आपल्या आजीच्या चुलीपाशी,' हे उदाहरण. 'अग्नीवाचून न राहणारा तसाच धूर या डोंगरावर आहे,' हा उपनय. 'म्हणून डोंगरावर अग्नी आहे,' हे निगमन. नुसता धूर दिसणे पुरेसे नाही आणि धूर-अग्नीचा नियम नुसता पाठ असणेही पुरेसे नाही. 'ज्या धुराचा अग्नीशी नियत संबंध आहे, तोच धूर येथे आहे' अशी दोहोंची गाठ मनात पडणे, हाच परामर्श. ती गाठ जेथे चुकीची पडते तेथे अनुमान फसते.

ते कसे फसते, हे शिकविण्यातच या शास्त्राची खरी कसोटी आहे. डोंगरावर दिसतो तो धूर नसून पहाटेचे धुके असेल, तर हेतूच असिद्ध. उलट बाजूने कोणी म्हणाला, 'तेथे अग्नी आहे, तेव्हा धूर असलाच पाहिजे,' तर गुरुजी त्याला लोहाराच्या भात्यापाशी नेतील. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. या लपून बसलेल्या अटीला शास्त्रकार 'उपाधी' म्हणतात. रावेरच्या केळीच्या बागेत पाने पिवळी पडली की 'पाणी कमी पडले' असे सरळ म्हणून टाकणाऱ्यास अनुभवी शेतकरी थांबवितो. कारण पाणी साचूनही पाने पिवळी पडतात, आणि अन्नद्रव्य कमी पडले तरीही पडतात. जो हेतू साध्याच्या जोडीने आढळतो आणि साध्य नसतानाही आढळतो, त्याला 'सव्यभिचार' म्हणतात. त्या शेतकऱ्याने तर्कसंग्रह वाचलेला नसेल, पण हेत्वाभास त्याला ओळखता येतो. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंनी संसाराचे आणि मनाचे जे मर्म उलगडले, तेही अशाच डोळस निरीक्षणाच्या बळावर.

वाद, जल्प आणि वितंडा

भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंत म्हणतात की, वाद करणाऱ्यांमधील 'वाद' मी आहे. हे वाचून पुष्कळांना नवल वाटते, कारण आपल्या बोलण्यात वाद म्हणजे भांडण. परंतु गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे जी चर्चा होते, तो वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छलाचाही आश्रय घेऊन जी होते, तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करीत सुटणे, ती वितंडा. भगवंतांनी या तिघांतून आपली विभूती म्हणून वादाची निवड केली.

सूत्रकारांनी पराभवाची बावीस स्थाने सांगितली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांपैकी दोन तरी प्रत्येक घरात माहीत असावीत. प्रतिपक्षाचे म्हणणे सभेला कळले असूनही ज्याला ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडता येत नाही तो हरला, हे 'अननुभाषण'. आपला दोष दाखविला असता तो दूर न करता, 'मग तुझ्याही पक्षात तोच दोष आहे' असे जो म्हणतो त्याने आपला दोष मान्यच केला, ही 'मतानुज्ञा'. भावंडांच्या तक्रारींपासून सभागृहांतील भाषणांपर्यंत मतानुज्ञेचे केवढे साम्राज्य आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

श्रद्धेला परीक्षेचे भय नाही

येथे काही भाविक मनांत शंका येईल की, मुलांना अशी सवय लावली तर ती देवाधर्मावर प्रश्न विचारू लागतील, आणि मग श्रद्धेचे काय? ही शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता एका दिवसात देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिले, तेव्हा चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे ओढले जाऊन मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते, हे डोळ्यांना दिसले. त्या परीक्षेने भक्ताच्या अर्पणाचे मोल उणे झाले काय? मुळीच नाही. नैवेद्य दाखविणारी माउली देवाने तो संपवावा या अटीवर कधीच दाखवीत नसते. उणे झाला तो एक चुकीचा हेतू. जी श्रद्धा अशा हेतूवर उभी असते तिला दुसऱ्या दिवशी धक्का बसतो. जी त्यावर उभी नसते तिला परीक्षेचे भय नसते.

योगविद्येवर निस्सीम निष्ठा असलेले स्वामी कुवलयानंद हे १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करण्यापूर्वी अमळनेरातच अध्यापन करीत होते. त्यांनी आपल्या गुरूंकडून मिळालेल्या योगक्रिया क्ष-किरणांनी आणि दाबमापक उपकरणांनी तपासल्या. गुरूवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तर आपण जे जगास सांगणार ते सिद्ध असावे म्हणून. श्रीसमर्थांनीही दासबोधात शास्त्रप्रचीती आणि गुरुप्रचीती यांच्या जोडीला आत्मप्रचीती सांगितली आहे, आणि तिन्हींचा मेळ बसावा असा त्यांचा आग्रह आहे.

साने गुरुजी तर याच तत्त्वज्ञान मंदिराचे विद्यार्थी. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि छात्रालयाचे पालक म्हणून त्यांनी मुलांना वाचावयास, लिहावयास आणि विचार करावयास लाविले. 'विद्यार्थी' मासिक काढले. विठ्ठलभक्तीने ओथंबलेल्या या पुरुषाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण मांडले. विठ्ठल सर्वांची माउली आहे हे जर खरे, तर तिची काही लेकरे दाराबाहेर का, हाच त्यामागचा प्रश्न होता. भक्ताने विचारलेल्या या प्रश्नाला कोणाजवळ निर्दोष उत्तर नव्हते, आणि मंदिराचे दार हरिजनांना उघडले. तर्काने येथे भक्तीची हानी केली नाही. उलट भक्तीला तिच्याच शब्दाशी प्रामाणिक केले.

धुळ्याने दिलेले दोन धडे

शेजारच्या धुळे जिल्ह्याने या विषयाचे दोन धडे दिले आहेत. एक उजळ आणि एक काळाकुट्ट.

पहिला इतिहासाचार्य राजवाडे यांचा. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात त्यांनी बखरींतील विधाने अस्सल पत्रांशी ताडून पाहिली आणि न जुळणारी निःसंकोच बाजूस सारली. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यासच त्यांचे देहावसान झाले आणि १९२७ साली तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकरराव देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गावोगाव हिंडून जमविली तीही धुळ्यातच, समर्थ वाग्देवता मंदिरात, जतन झाली. 'हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि त्याला ते कसे ठाऊक?' हे तीन प्रश्न या परंपरेने शिकविले. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा, म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचा. भाष्यकार वात्स्यायन पुढे जाऊन म्हणतात की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. माणसाच्या प्रतिष्ठेवर शब्दाचे प्रामाण्य ठरत नाही.

दुसरा धडा १ जुलै २०१८ चा. साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशा वार्ता त्या दिवसांत मोबाईल फोनवरून हातोहाती फिरत होत्या. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर उपजीविका करणारे पाच जण तेथे आले. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले आणि ठार मारले. पाचही जण निरपराध होते.

भिक्षेकऱ्याला रिक्तहस्त पाठवू नये असे ज्या घरांत शिकविले जाते, त्याच आपल्या समाजात हे घडले. त्या दिवशीचे अनुमान शास्त्राच्या चौकटीत मांडून पाहावे. प्रतिज्ञा: हे मुले पळविणारे आहेत. हेतू: कारण हे अनोळखी आहेत. व्याप्ती कोठे आहे? अनोळखी तर वारकरी असतो, पाहुणा असतो, परगावी गेलेला आपला मुलगाही असतो. शब्दप्रमाण म्हणावे, तर संदेश पाठविणारा आप्त कोण होता? त्याने काय पाहिले होते? जमावातील एकाने जरी 'हे कशावरून?' असे मोठ्याने विचारले असते आणि दहा जण उत्तरासाठी थांबले असते, तर कदाचित पाच घरांतील दिवे विझले नसते. तर्कशास्त्र हा परीक्षेतील शंभर गुणांचा विषय नव्हे, त्यावर माणसाचे प्राण अवलंबून असतात, हे राईनपाड्याने दाखवून दिले.

या दहा दिवसांत

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ज्या गीतेचे ते निरूपण होते, ती आरंभापासून अखेरपर्यंत एका शिष्याच्या प्रश्नांवर चालली आहे. अर्जुन पुन्हा पुन्हा शंका घेतो. 'आपले बोलणे मला परस्परविरुद्ध वाटते' असेही स्पष्ट म्हणतो. भगवंत त्याबद्दल त्याला दटावीत नाहीत. सारे सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हणून ते निर्णय त्याच्या बुद्धीवर सोपवितात. ज्ञान मिळविण्यासाठी प्रणिपात आणि सेवा यांच्या बरोबरीने परिप्रश्न, म्हणजे खोदून विचारणे, हवे असे त्यांनी चौथ्या अध्यायात सांगितलेच आहे.

तेव्हा आरतीनंतर घरातील मुले जवळ बसली असता एखादा लहान उपक्रम अवश्य करावा. दिवसभरात ऐकलेली एक वार्ता घ्यावी आणि ती कोणी पाहिली, कोणी नुसती ऐकली, याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. दोन भावंडांचे एखाद्या गोष्टीवर एकमत नसेल, तर प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे मांडावे आणि मगच आपले सांगावे. आणि मुलाने पूजेतल्या एखाद्या गोष्टीविषयी 'असे का?' म्हणून विचारले, तर त्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. नसेल तर 'आपण मिळून शोधू' म्हणावे. वडिलांच्या तोंडचे हे वाक्य मुलाला जे शिकविते ते पुष्कळ पाठांतरानेही साधत नाही.

परशूचे काम झाड तोडणे एवढेच नाही. वाटेतली काटेरी झुडपे दूर करून देवळाकडे जाणारी वाट मोकळी करणे हेही त्याचे काम आहे. मात्र तो धारदार असतो, म्हणून तो चालविणाऱ्याच्या ठायी समता हवी, आणि त्याचा पहिला घाव स्वतःच्या चुकीच्या समजुतीवर पडावयास हवा. विघ्नहर्त्या गजाननाने आपल्या लेकरांच्या हाती मोदकाबरोबर हा परशूही द्यावा आणि तो धरण्याचे बळ व विनय द्यावा, हीच या मंगलप्रसंगी त्याच्या चरणी प्रार्थना.